'लोक' म्हणजे नेमके किती लोक?

युरोपात कुठेही निवडणूक झाली की आपल्याकडच्या बातम्यांत एक शब्द हमखास येतो: लोकानुनयी. विल्डर्स लोकानुनयी, ओर्बान लोकानुनयी, ल पेन लोकानुनयी. वाचणाऱ्याला वाटतं, फुकट वाटणारी मंडळी असणार. कारण आपल्याकडे लोकानुनय म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती कर्जमाफी, मोफत वीज, निवडणुकीच्या तोंडावरचा अर्थसंकल्प. मी वीस-बावीस वर्षं कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं आणि दरवर्षी या एका शब्दाचा गुंता सोडवण्यात दोन तास जायचे. आज तेच दोन तास इथे घालवतो. पोस्ट लांब आहे, आधीच सांगून ठेवतो.

पोलंडपासून सुरुवात करू, कारण तिथे आपल्या ओळखीचं काहीतरी आहे. तिथला 'कायदा आणि न्याय' हा पक्ष २०१५ साली सत्तेवर आला आणि २०१६ मध्ये त्यांनी मुलांमागे महिना ५०० झ्लोटी देणारी योजना सुरू केली. आधी दुसऱ्या मुलापासून पुढे, २०१९ पासून प्रत्येक मुलाला. लाडकी बहीण आठवली ना? मग म्हणाल, हाच की तो लोकानुनय. थांबा. निवडणुकीच्या वर्षात, २०२३ मध्ये, सरकारने जाहीर केलं की येत्या जानेवारीपासून ही रक्कम ८०० करू. त्यावर विरोधी नेते डोनाल्ड टुस्क काय म्हणाले? जानेवारीपर्यंत कशाला थांबता, लगेच द्या! त्या ऑक्टोबरात ७४ टक्के मतदान झालं, सत्ता टुस्कांकडे आली आणि ८०० झ्लोटी त्यांच्या राज्यातही सुरू झाले. आपल्याकडे नाही का, एकाने १५०० दिले तर दुसऱ्याच्या जाहीरनाम्यात ३००० आले. म्हणजे वाटप हीच खूण धरली तर दोन्ही पक्ष एकाच माळेचे मणी. मग जगभरचे अभ्यासक एकाच पक्षाला पॉप्युलिस्ट का म्हणतात?

कारण खूण दुसरीकडे आहे. त्याच सरकारने २०१६ साली घटनापीठाचा न आवडलेला निकाल अधिकृतपणे छापायचंच नाकारलं. सरकारी टीव्ही ताब्यात घेतला. आणि पक्षाचे सर्वेसर्वा कचिन्स्की यांनी परदेशात देशाची तक्रार करणाऱ्यांबद्दल बोलताना 'हलक्या प्रतीचे पोलिश' असा शब्द वापरला. तो शब्द महत्त्वाचा. विरोधक चुकीचे आहेत असं ते म्हणत नव्हते. ते पुरते आपले नाहीतच, असं म्हणत होते.

म्हणून या पोस्टपुरता मी 'लोकानुनय' बाजूला ठेवतो आणि सरळ पॉप्युलिझमच म्हणतो.

अभ्यासकांनाही हा शब्द सहज सापडला नाही, बरं का. १९६७ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये यावर मोठी परिषद भरली होती, दोन वर्षांनी तिचं पुस्तकही आलं. रशियातले नरोदनिक, अमेरिकेतले शेतकरी, लॅटिन अमेरिकेतले नेते, सगळ्यांवर चर्चा झाली. एक व्याख्या काही ठरली नाही. पुढची बरीच वर्षं हा शब्द म्हणजे शिवी होती. ज्याचं राजकारण आवडत नाही, तो पॉप्युलिस्ट.

२००४ साली कास मुडे या डच अभ्यासकाने एका लेखात नेटकी मांडणी केली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पॉप्युलिस्ट समाजाचे दोनच भाग मानतो. इकडे साधेभोळे, सच्चे, एकजिनसी लोक. तिकडे भ्रष्ट उच्चभ्रू. आणि राजकारण म्हणजे त्या लोकांची एकमुखी इच्छा राबवणं, बस. मुडे हिला 'पातळ' विचारसरणी म्हणतात. नुसत्या कढीवर जेवण होत नाही, खाली भात लागतो, तसं आहे हे. उजवीकडे तो भात राष्ट्रवादाचा आणि स्थलांतरितांच्या विरोधाचा, डावीकडे समाजवादाचा.

पुढे यान-वेर्नर म्युलर या जर्मन विचारवंताने २०१६ च्या पुस्तकात आणखी एक गाठ सोडवली. उच्चभ्रूंवर टीका केली म्हणून कुणी पॉप्युलिस्ट होत नाही, नाहीतर जगातला प्रत्येक विरोधी पक्ष त्यात बसेल. खरी खूण आहे 'आम्हीच, आणि फक्त आम्हीच लोक' हा दावा. एकदा हा दावा केला की बाकीचं ओघाने येतं. आम्ही म्हणजेच लोक, तर आमच्याविरुद्ध मत देणारे कोण? आम्ही हरलो, तर मोजणीत काहीतरी काळंबेरं असणार. न्यायालयाने अडवलं, तर न्यायालय लोकांच्या विरोधात.

आता मला ज्यांच्याबद्दल खरं सांगायचंय ती माणसं. राज्यशास्त्राचे संशोधक. हा धंदा बाहेरून फार कंटाळवाणा दिसतो, आणि खरं सांगू का, आतूनही बराचसा तसाच आहे.

बर्लिनमध्ये मॅनिफेस्टो प्रोजेक्ट नावाचं काम चालतं. १९४५ पासूनचे, पन्नासहून जास्त देशांतले निवडणूक जाहीरनामे तिथे जमवलेले आहेत. प्रशिक्षण दिलेली माणसं एकेक जाहीरनामा घेतात, वाक्य तोडतात आणि प्रत्येक तुकडा ठरलेल्या खणात टाकतात. हा तुकडा कल्याणकारी खर्चाच्या बाजूचा, हा विरोधी, हा लष्कराबद्दल, हा पर्यावरणाबद्दल. असे मूळचे ५६ खण. आपल्याकडे जाहीरनामा छापून आला की उमेदवारही तो उघडत नाही. तिथे कुणीतरी चाळीस वर्षांपूर्वीच्या बेल्जियन पक्षाचा जाहीरनामा ओळ न् ओळ वाचत बसलेलं असतं. यातून कळतं काय, तर कुठला पक्ष कोणत्या वर्षी कुठे सरकला. भाषणावरून नाही, बातमीवरून नाही, त्यांच्याच लेखी शब्दांवरून.

दुसरी रीत तज्ज्ञांना विचारायची. अमेरिकेतल्या चॅपल हिल इथल्या विद्यापीठाच्या नावाने १९९९ पासून दर चार-पाच वर्षांनी एक पाहणी होते. त्या त्या देशातल्या पक्षांचा अभ्यास करणाऱ्यांना विचारतात, हा पक्ष युरोपीय संघाबद्दल एक ते सात यांत कुठे? स्थलांतराबद्दल शून्य ते दहा यांत कुठे?

आणि तिसरं म्हणजे 'पॉप्युलिस्ट' नावाचीच यादी, शेवटचा 'लिस्ट' म्हणजे यादी, असा श्लेष आहे तो. अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातले माथाइस रोदाऊन आणि त्यांचे सहकारी ३१ युरोपीय देशांतल्या पक्षांची वर्गवारी करतात: पॉप्युलिस्ट कोण, अतिउजवे कोण, अतिडावे कोण, युरोपीय संघाच्या विरोधातले कोण. एकच पक्ष दोन-तीन रकान्यांत असू शकतो आणि एकाच रकान्यातही असू शकतो. आपल्या बातम्यांत हे चारही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात. ही यादी कुणालाही फुकट उतरवून घेता येते. (हा मात्र मला मान्य असलेला लोकानुनय.)

रोदाऊन आणि इतर तीसेक अभ्यासकांच्या मदतीने 'गार्डियन'ने २०१८ साली हिशोब मांडला होता. वीस वर्षांपूर्वी या देशांत पॉप्युलिस्ट पक्षांना साधारण ७ टक्के मतं पडत. २०१८ मध्ये चारातलं एक मत त्यांना. हा आकडा तेव्हा खूप फिरला, बहुतेक वेळा घाबरवण्यासाठी. मला त्याचा दुसरा अर्धा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. चारातलं एक मत म्हणजे चारातली तीन मतं नाहीत.

आणि इथेच या कंटाळवाण्या कामाचा उपयोग कळतो. पॉप्युलिस्ट नेता म्हणतो, लोक माझ्या बाजूने आहेत. संशोधक विचारतो, किती?

हंगेरी घ्या. २०१० साली व्हिक्टर ओर्बान यांच्या फिदेस पक्षाच्या आघाडीला जवळपास ५३ टक्के मतं मिळाली आणि ३८६ पैकी २६३ जागा, म्हणजे दोन-तृतीयांशाहून जास्त. हा विजय मोठाच होता, त्यात शंका नाही. त्या बहुमताच्या जोरावर नवी राज्यघटना आली, संसदेच्या जागा १९९ वर आल्या, मतदारसंघ नव्याने आखले गेले, दुसरी फेरी गेली. सगळं कायद्याने, सभागृहात हात वर करून. मग २०१४ ची निवडणूक झाली. फिदेसची मतं घसरून ४५ टक्क्यांवर आली. जागा? १९९ पैकी १३३. पुन्हा दोन-तृतीयांश. त्या वर्षी मतदान साधारण ६२ टक्के झालं होतं, म्हणजे शंभर मतदारांमागे फिदेसला मत देणारे तीसही भरत नाहीत. पण राज्यघटना बदलायची ताकद पूर्ण, आणि भाषणातला शब्द तोच: हंगेरीच्या लोकांची इच्छा.

नेदरलँडमध्ये तर गंमतच आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये खेर्ट विल्डर्स यांचा पक्ष पहिला आला. १५० पैकी ३७ जागा, साडेतेवीस टक्के मतं. या पक्षाचे अधिकृत सभासद किती, माहितीये? एक. स्वतः विल्डर्स. निवडून आलेले खासदारसुद्धा पक्षाचे सभासद नाहीत. म्हणजे अधिवेशन नाही, पक्षांतर्गत निवडणूक नाही, विरोधी सूर नाही. लोकांचा पक्ष, पण लोकांना आत यायला दार नाही.

आता या सगळ्याचा आपल्याशी काय संबंध, असं कुणी विचारेल. सरळ संबंध आहे. तुमच्यापैकी कितीतरी जणांची मुलं-भाचरं जर्मनीत, नेदरलँडमध्ये शिकताहेत. विल्डर्स पंतप्रधान झाले नाहीत, त्यांचं सहभागाचं सरकारही वर्षभरात, जून २०२५ मध्ये, त्यांनीच पाडलं. पण त्या काळात इंग्रजी माध्यमातले पदवी अभ्यासक्रम कमी करायचा कायदा तिथे चर्चेत होता, आणि तो मुळात मांडला होता आधीच्या, मध्यममार्गी सरकारने. हे लक्षात ठेवा. मुलांचं बाहेरचं शिक्षण नेहमी टोकाच्या पक्षांमुळेच अवघड होतं असं नाही. त्या पक्षांना घाबरून मधले पक्ष जे करतात, त्यानेही होतं.

यालाच अभ्यासक 'सामावून घेण्याची रणनीती' म्हणतात. अतिउजव्या पक्षाची मतं वाढताहेत ना? मग त्याचा स्थलांतराचा मुद्दा आपणच उचला, मतदार परत येईल. कानाला पटणारी गोष्ट आहे. ब्रिटनपासून जर्मनीपर्यंत अनेक पक्षांनी ही वाट धरली. वेर्नर क्राउझ, डेनिस कोहेन आणि तारिक अबू-शादी या तिघांनी २०२३ च्या एका शोधनिबंधात हे तपासलं. जाहीरनाम्यांवरून पक्ष किती सरकला ते घेतलं आणि मतदार कुठून कुठे गेले त्याच्याशी ताडून पाहिलं. निष्कर्ष असा की अशा नकलेने अतिउजव्यांची मतं कमी झाल्याचा पुरावा नाही. झालंच तर जास्त मतदार तिकडे गेले. ज्याँ-मारी ल पेन हेच म्हणायचे, लोकांना नकलेपेक्षा अस्सल माल आवडतो. त्यांना शोधनिबंधाची गरज नव्हती. २००२ च्या दुसऱ्या फेरीत त्यांना १८ टक्क्यांच्या आत मतं होती. मुलगी मारीन २०१७ मध्ये ३४ टक्क्यांवर, २०२२ मध्ये ४१ टक्क्यांवर. मधल्या वीस वर्षांत फ्रान्सच्या मुख्य पक्षांनी त्यांचे किती विषय उचलले, ते वेगळं लिहावं लागेल.

यावर लगेच डेन्मार्कचं उदाहरण येतं, आणि ते टाळून चालणार नाही. मेटे फ्रेडरिक्सन यांच्या सोशल डेमोक्रॅट पक्षाने स्थलांतरावर कडक भूमिका घेतली आणि २०१९ मध्ये डॅनिश पीपल्स पार्टी २१ टक्क्यांवरून पावणेनऊवर कोसळली. बघा, जमलं! २०२२ मध्ये तर तो पक्ष अडीच टक्क्यांवर आला. पण त्याच निवडणुकीत डेन्मार्क डेमोक्रॅट्स या नव्या पक्षाला आठ टक्के मिळाले आणि न्यू राइट म्हणवणाऱ्या तिसऱ्याला पावणेचार. तिघांची बेरीज केली तर चौदा टक्क्यांच्या वर जाते. पक्ष मेला, मतदार तिथेच राहिला. आणि डेन्मार्कमधल्या परदेशी माणसासाठी कायदा मात्र कायमचा कडक झाला. मला हा सौदा महाग वाटतो.

संशोधकांची आरती ओवाळायला मी ही पोस्ट लिहीत नाही. ही मंडळी धुतल्या तांदळासारखी नाहीत.

स्पेनमधला पोदेमोस पक्ष तर राज्यशास्त्राच्या विभागातच जन्मला, असं म्हटलं तरी चालेल. जानेवारी २०१४ मध्ये माद्रिदच्या कॉम्प्लुतेन्से विद्यापीठातल्या पाब्लो इग्लेसियास, हुआन कार्लोस मोनेदेरो, इन्यिगो एर्रेखोन यांनी तो काढला. एर्रेखोन यांची डॉक्टरेट बोलिव्हियातल्या एवो मोरालेस यांच्या पक्षावर. त्यांनी एर्नेस्तो लाक्लाऊ आणि शांताल मूफ यांचे सिद्धांत वाचले होते. पॉप्युलिझम हा रोग नसून 'लोक' घडवण्याची रीत आहे, असं मांडणारे हे दोघे. यांनी ते पुस्तकातून उचललं आणि थेट निवडणुकीत वापरलं. पाच महिन्यांत युरोपीय संसदेत पाच जागा, २०१५ अखेरीस देशात २० टक्क्यांवर मतं. गाइड वाचून परीक्षा द्यावी तशी ही निवडणूक लढले, आणि पहिल्या प्रयत्नात उत्तम मार्कही मिळाले. दुसऱ्या टोकाला जर्मनीची एएफडी. आज तिच्या नावाने लोक दचकतात, पण २०१३ मध्ये ती काढली बेर्न्ड लुके या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने, आणि तेव्हा तिला 'प्राध्यापकांचा पक्ष' म्हणत. प्राध्यापक दोन वर्षांत बाहेर पडले, पक्ष राहिला.

भाकितांचं तर बोलूच नका. मॅथ्यू गुडविन या ब्रिटिश अभ्यासकाने २०१७ मध्ये पैज लावली होती की लेबर पक्षाला ३८ टक्के मिळणार नाहीत, मिळाले तर स्वतःचं पुस्तक खाईन. मिळाले ४० टक्के. गड्याने टीव्हीवर थेट प्रक्षेपणात स्वतःच्या पुस्तकाची पानं चावून खाल्ली. एक्झिट पोलवाल्यांनी यातून काही घ्यायला हरकत नाही.

मोजण्याच्या पद्धतीवरही गंभीर आक्षेप आहेत. स्वीडनमधल्या गोटेबोर्ग विद्यापीठातला व्ही-डेम हा प्रकल्प जगभरच्या तज्ज्ञांना विचारून लोकशाहीची मोजणी करतो. त्यांनी हंगेरीला 'निवडणुका होणारी एकाधिकारशाही' म्हटलं, पुढे भारतालाही त्याच रकान्यात टाकलं, आणि आपल्याकडे गदारोळ झाला. तज्ज्ञांचं मत म्हणजे शेवटी मतच, वातावरण निराश असेल तर तेही निराश होणार, हा आक्षेप केवळ सरकारं घेत नाहीत. अँड्र्यू लिटल आणि अ‍ॅन मेंग या अमेरिकेतल्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये तोच उपस्थित केला. सत्ताधारी हरतात का, अशा मोजता येणाऱ्या गोष्टी पाहिल्या तर जगभर लोकशाही घसरल्याचा तितका पुरावा दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. व्ही-डेमवाल्यांनी उत्तर दिलं. वाद अजून चालू आहे. पण तो कसा चालू आहे ते पाहा: आकडे समोर, पद्धत समोर, कुणीही तपासावं.

ओर्बान यांनी असा वाद घातला नाही. आणि हा माणूस अडाणी नव्हे. १९८९ मध्ये जॉर्ज सोरोस यांच्या फाउंडेशनची शिष्यवृत्ती घेऊन ते ऑक्सफर्डला गेले होते, विषय नागरी समाज! त्याच सोरोस यांच्या पैशावर १९९१ मध्ये सुरू झालेल्या सेंट्रल युरोपियन युनिव्हर्सिटीच्या विरोधात त्यांच्या सरकारने एप्रिल २०१७ मध्ये कायदा केला. परदेशी मान्यता असलेल्या विद्यापीठाची त्या देशातही शाखा हवी, वगैरे. पुढच्या वर्षी सरकारच्या बाजूच्या एका साप्ताहिकाने 'सोरोसचे भाडोत्री' म्हणून दोनशेच्या वर नावं छापली, त्यात प्राध्यापक होते. त्याच वर्षी जेंडर स्टडीजचा अभ्यासक्रमच मान्यतेच्या यादीतून काढला. डिसेंबरात विद्यापीठाने व्हिएन्नाला जायचं जाहीर केलं. ऑक्टोबर २०२० मध्ये युरोपीय न्यायालयाने तो कायदा बेकायदा ठरवला, पण तोवर वर्ग व्हिएन्नात भरायला लागले होते. दरम्यान २०१९ मध्ये विज्ञान अकादमीकडून तिच्या संशोधन संस्था काढून घेतल्या गेल्या.

हे फक्त सत्तेतलेच करतात असं नाही, आणि फक्त पॉप्युलिस्टच करतात असंही नाही. नेदरलँडमध्ये २०१९ मध्ये थिएरी बोदे यांच्या पक्षाने शाळा-विद्यापीठांतल्या डाव्या शिकवणुकीची तक्रार नोंदवायला खास सोय उघडली. बोदे स्वतः लायडनचे डॉक्टरेट. आणि फ्रान्समध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये माक्राँ यांच्या मध्यममार्गी सरकारातल्या उच्चशिक्षण मंत्र्यांनी विद्यापीठांतल्या 'इस्लामी-डाव्या' प्रवृत्तीची चौकशी राष्ट्रीय संशोधन संस्थेला करायला सांगितली. संस्थेने उत्तर दिलं की हा शब्द शास्त्रीय नाहीच. नकलेची रणनीती फक्त व्हिसापुरती थांबत नाही, ती अशी वर्गातही शिरते.

हंगेरीत २०२१ नंतर बहुतेक सरकारी विद्यापीठं प्रतिष्ठानांच्या ताब्यात दिली गेली आणि त्यांच्या मंडळांवर मंत्री आणि सत्ताधारी पक्षाच्या जवळची माणसं बसली. डिसेंबर २०२२ मध्ये युरोपीय संघाने अशा विद्यापीठांशी इरॅस्मस आणि होरायझनचे नवे करार बंद केले. एकवीस विद्यापीठं त्यात आली. संघाचा मुद्दा बरोबर होता, मंत्री विद्यापीठ चालवत असेल तर त्याच्या हाती संशोधनाचा पैसा का द्यावा? पण फटका बसला सेगेड, पेच, देब्रेत्सेनच्या पोरांना, ज्यांनी कदाचित फिदेसला मतही दिलं नसेल. सहा महिने बाहेरच्या विद्यापीठात शिकायची त्यांची संधी गेली, आणि सरकारला भाषणासाठी आयता विषय मिळाला की ब्रुसेल्सवाले हंगेरीच्या मुलांना शिक्षा करताहेत. त्यावर सरकारने पान्नोनिया नावाची स्वतःची शिष्यवृत्तीही काढली. माझ्या मते संघाने पहिल्या दिवसापासून तो पैसा विद्यापीठांना वगळून थेट विद्यार्थ्यांच्या आणि संशोधकांच्या हाती द्यायची सोय करायला हवी होती.